शेजारच्या गावची वाइन: रोजची कोणती, खास दिवसाची कोणती?

अबोली_रंग

आई-बाबांच्या लग्नाला नुकतीच ४० वर्षं झाली. त्या दिवसासाठी मी हौसेने बारोलोची बाटली आणली. इटलीच्या पिएमाँटमधली नावाजलेली रेड वाइन, 'वाइनचा राजा' वगैरे बरंच वाचलेलं होतं. बाटली चार-पाच वर्षांची होती. जेवायला बसलो, बूच काढलं, लगेच ग्लासांत ओतली. बाबांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि ग्लास हळूच बाजूला सरकवला. काही बोलले नाहीत, पण मला कळलं. मीही चाखली तर जीभ आणि हिरड्या कोरड्याठाक. कच्ची सुपारी चावल्यासारखी तुरट. अर्धी बाटली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने ती उरलेली वाइन सहज एका ग्लासात ओतली आणि मला हाक मारली. "ही कालचीच आहे का गं?" वास घेतला तर वाळलेल्या गुलाबपाकळ्या, चेरी, मागे थोडं डांबरासारखं काहीतरी. तुरटपणा होता, पण बोचत नव्हता. बाबांनी तेव्हा पूर्ण ग्लास घेतला आणि वर विचारलं, की काल हिला काय झालं होतं.

तेव्हापासून वाचतेय, विचारतेय, चाखतेय. आणि माझं मत असं झालंय की आपण बहुतेक वेळा चुकीच्या बाटलीवर पैसे घालतो. बारोलो नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांची असते आणि कायद्याने किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. त्याच टेकड्यांवर, त्याच द्राक्षाची 'लांगे नेब्बिओलो' नावाची वाइन मिळते. ती लवकर बाजारात येते, कमी तुरट असते आणि बारोलोच्या मानाने पुष्कळ स्वस्त असते. त्या रात्री ती आणली असती तर बाबांनी ग्लास सरकवला नसता.

म्हणून माझा एक साधा नियम: प्रसिद्ध गावाची वाइन आवडली तर आधी त्याच्या शेजारच्या गावची शोधायची.

मी सध्या आणते त्या अशा. रोजच्यासाठी रेडमध्ये कोत द्यु रोन (फ्रान्स, मुख्यतः ग्रनाश आणि सिरा), अर्जेंटिनाच्या मेंडोझाची माल्बेक आणि इटलीची मोंतेपुल्चानो द'अब्रुत्झो. व्हाइटमध्ये दक्षिण आफ्रिकेची शनाँ ब्लाँ आणि पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे. खास दिवसासाठी मात्र माझ्याकडे अजून भरवशाची यादी नाही. बाबांचा ७०वा वाढदिवस येतोय. जाणकारांनी मनापासून सुचवा, आणि का सुचवताय तेही सांगा.

तळघर

धागा फार आवडला. शेजारच्या गावाचा नियम मी गेली कित्येक वर्षं पाळतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बाटलीच्या किमतीत काय काय असतं ते आधी पाहू. जमिनीचा भाव, वेलीमागे किती द्राक्षं ठेवली, हाताने तोडली की यंत्राने, नवं ओकचं पिंप वापरलं की जुनं, किती वर्षं साठवून ठेवली. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातलं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं, म्हणजे त्यातून ७५० मिलीच्या जेमतेम ३०० बाटल्या निघतात. पिंप फ्रेंच ओकचं आणि दर वर्षी नवं घेतलं तर त्याचा खर्च प्रत्येक बाटलीवर चढणारच. इथपर्यंतचे पैसे ग्लासात उतरतात. त्यापुढचे नावाचे. म्हणून नाव मोठं नाही पण हात चांगला आहे, अशी जागा शोधायची.

बोर्दोत नावाजलेल्या सँतेमिलियोंच्या लगत कास्तियों आहे, तशाच पोमरोलच्या लगत लालांद-द-पोमरोल. दोन्हीकडे मेर्लो द्राक्षच जास्त, मातीही पुष्कळशी जुळणारी. जिगोंदास आणि वाकेरास ही गावं रोन खोऱ्यातल्या प्रसिद्ध शातनफ-द्यु-पापच्या जवळची. टस्कनीत ब्रुनेल्लो दी मोंतालचिनो घ्यायची ऐपत नसेल तर रोस्सो दी मोंतालचिनो घ्या. दोन्ही फक्त सांजोवेझे द्राक्षाच्या, त्याच गावाच्या. ब्रुनेल्लो सुगीनंतरच्या पाचव्या वर्षी विक्रीला येते, रोस्सो पुढच्याच वर्षी. अनेकदा बनवणारा हातही तोच असतो. चांगल्या उत्पादकाची साधी वाइन ही साधारण उत्पादकाच्या भारी वाइनपेक्षा नेहमी उजवी ठरते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

अबोली, तुमच्या बाबांच्या ७०व्यासाठी माझं मत स्पेनची रिओहा. पुढे कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन.

चौकस

तळघर, विचारतोच. लेबलवर 'रिझर्व्ह' लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ आहे का? दुकानात मी नेहमी त्या शब्दाला भुलतो.

दुसरं, अबोली यांनी मोंतेपुल्चानो लिहिलंय. मी त्याच नावाची एक बाटली पाहिली होती, ती बरीच महाग होती. तीच का ही?

तळघर

दुसऱ्याचं आधी. मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचंही नाव आहे आणि टस्कनीतल्या एका गावाचंही. 'मोंतेपुल्चानो द'अब्रुत्झो' म्हणजे अब्रुत्झो प्रांतातली, त्या नावाच्या द्राक्षाची. गडद, गुबगुबीत, रोजच्या जेवणाला उत्तम. 'व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो' म्हणजे त्या गावातली, पण मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची. दोघींचं नातं फक्त नावापुरतं.

आता 'रिझर्व्ह'. अमेरिकेत आणि इतरही काही देशांत या शब्दावर कायद्याचं बंधन नाही, कुणीही लिहू शकतो. स्पेनमध्ये मात्र त्याचं वजन आहे. रिओहाच्या रेडमध्ये 'क्रिआन्सा' म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक वर्ष ओकमध्ये. 'रेसेर्वा' म्हणजे तीन वर्षं, त्यात किमान एक ओकमध्ये. 'ग्रान रेसेर्वा' म्हणजे पाच वर्षं, त्यातली किमान दोन ओकमध्ये आणि दोन बाटलीत.

माझी शिफारस इथेच येते. बारोलो किंवा बोर्दो विकत घेतली की पुढचा मुरण्याचा काळ आपल्या घरी काढावा लागतो. तेवढा धीर आणि तेवढी थंड जागा किती जणांकडे असते? रिओहा ग्रान रेसेर्वाच्या बाबतीत ते काम उत्पादकाने आपल्या तळघरात करून दिलेलं असतं. बाटली आणा, अर्धा तास आधी उघडा, प्या. वाळलेली चेरी, चामडं, तंबाखूची पानं, अमेरिकन ओकचा व्हॅनिला. मुरलेल्या वाइनची खरी गंमत इतक्या रास्त दरात दुसरीकडे क्वचितच मिळते.

फ्रेंच लेबलांवरच्या 'ग्राँ क्र्यू' या शब्दाबद्दलही सावध राहा. बर्गंडी प्रांतात तो सर्वात वरचा दर्जा. सँतेमिलियोंमध्ये नुसतं 'ग्राँ क्र्यू' लिहिलेलं असेल तर ती फार मोठी बाब नाही, तिथे 'ग्राँ क्र्यू क्लासे' ही वरची पायरी. आणि बोर्दोच्या मेदोकमध्ये, १८५५च्या वर्गवारीत, 'प्रमिए' म्हणजे पहिला दर्जा सर्वात वरचा. तोच शब्द बर्गंडीत दुसऱ्या पायरीवर येतो. शब्द एकच, प्रांत बदलला की किंमत बदलते.

निळी_शाई

सगळे रेडच्याच मागे लागलेत, म्हणून व्हाइटची बाजू मी मांडते. त्यातही रीसलिंगची, कारण आज जगात रास्त भावात थोर वाइन हवी असेल तर माझ्या मते हेच द्राक्ष.

जर्मनीची मोझेल नदी डोळ्यांसमोर आणा. काठावर पाटीच्या दगडाचे उभे कडे, आणि त्यावर वेली. ब्रेमजवळचा काल्मोंट हा मळा तर इतका चढाचा आहे की चालताना हाताने जमीन धरावी लागावी, उतार ६० अंशांच्याही वर. ट्रॅक्टर जात नाही, सगळं माणसाच्या हाताने. काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. एवढ्या कष्टाची वाइन खरं तर परवडू नये. ती परवडते, कारण लोकांच्या डोक्यात 'रीसलिंग म्हणजे गोड' असं बसलंय आणि मागणी कमी राहिली आहे.

लेबल वाचायला एकदा शिकलात की काम सोपं. 'ट्रोकन' लिहिलं असेल तर ड्राय, गोडवा जवळपास नाही. 'काबिनेट' म्हणजे हलकी. बहुतेक वेळा हलका गोडवा असतो, पण आंबटपणा इतका धारदार असतो की तो गोडवा जाणवून लगेच निघून जातो. अल्कोहोल अनेकदा आठ-नऊ टक्केच. त्यापुढे 'श्पेटलेझ', 'आउसलेझ', क्रमाने जास्त पिकलेली द्राक्षं. गोंधळ झाला तर बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. आठ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, साडेबारा असेल तर ड्राय. हा आकडा मला कधी फसवत नाही.

तिखट जेवणाबरोबर तर काबिनेटला तोड नाही. तिखटाने तुरट रेड आणखी कडवट लागते आणि अल्कोहोलने जीभ जास्त जळते. थोडा गोडवा आणि कमी अल्कोहोल असलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

आणि ही मुरते! दहा, वीस वर्षं सहज. जुन्या रीसलिंगला पेट्रोलसारखा एक वास येतो. पहिल्यांदा दचकायला होतं, नंतर त्याचीच ओढ लागते. खास दिवसासाठी दहा वर्षांची श्पेटलेझ मिळाली तर डोळे झाकून घ्या.

रोजच्या व्हाइटमध्ये आणखी दोन नावं. फ्रान्सच्या लुआर नदीच्या मुखाजवळची म्युस्काडे: लेबलवर 'स्युर ली' असेल तीच घ्या, म्हणजे हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवलेली, त्याने अंगाला जरा भरीवपणा येतो. आणि ऑस्ट्रियाची ग्र्युनर व्हेल्टलिनर, पांढऱ्या मिरीची हलकी झणक असलेली.

रानवाट

निळी_शाई यांना +१. सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाबद्दल भर घालतो: साँसेर महाग वाटली तर तूरेन घ्या, तेच द्राक्ष, तीच लुआर नदी. शाब्ली हवी तर प्ती शाब्ली. बर्गंडीची शार्दोने हवी तर दक्षिणेकडच्या माकों गावांची.

पण मला वेगळंच सांगायचंय, कारण ते माहीत नसल्यामुळे एका चांगल्या बाटलीवर अन्याय झालेला मी पाहिलाय.

मित्राने मुलीच्या जन्माच्या वर्षाची एक रेड जपून ठेवली होती. तिच्या २१व्या वाढदिवसाला ती उघडली. सगळे ग्लास धरून उभे. मी वास घेतला आणि पोटात खड्डा पडला. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वास, बंद तळघराची दमट हवा. फळाचा मागमूस नाही. आजूबाजूला सगळे "छान आहे, वेगळी आहे" म्हणत होते, कारण जुनी वाइन अशीच असते असं प्रत्येकाला वाटत होतं. मुलीचा चेहरा मात्र उतरला होता. एवढी वर्षं ज्या बाटलीची गोष्ट ऐकली ती ही?

याला बूच लागणं म्हणतात. बुचात टीसीए नावाचं एक संयुग तयार होतं, ते अब्जांशापेक्षाही कमी प्रमाणात असलं तरी नाकाला कळतं. अपाय काही नाही, पण वाइन मरते. उत्पादक चांगला असो वा वाईट, कुणाच्याही बाटलीत होऊ शकतं. नुकती घेतलेली बाटली असेल तर दुकानदाराला परत द्यावी, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती: खास दिवसासाठी एकाच बाटलीवर सगळी भिस्त ठेवू नका. त्याच पैशांत मधल्या दराच्या दोन घ्या. आणि फिरकीच्या झाकणाला हलकं समजू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या उत्तमोत्तम रीसलिंग त्याच झाकणाखाली वर्षानुवर्षं टिकतात.

त्या रात्री मी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, की ही बाटली आजारी होती, बाबांची निवड चुकली नव्हती. ती किती वेळ त्या बुचाकडे बघत होती.

उनाड_वारा

रानवाट, वाचून गलबललं.

धाग्यातल्या नियमाला माझा थोडा विरोध आहे, तो नोंदवतो. शेजारचं गाव ठीक, पण काही गोष्टींना शेजार नसतो. शॅम्पेन घ्या. बिनवर्षाची, म्हणजे लेबलवर सुगीचं वर्ष नसलेली शॅम्पेनसुद्धा किमान १५ महिने ठेवावी लागते, त्यातले १२ महिने यीस्टच्या गाळावर. चांगले उत्पादक त्याहून जास्त ठेवतात. त्या गाळामुळे जो भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो तो मला दुसरीकडे तसाच मिळालेला नाही. आयुष्यात ज्या क्षणाला शॅम्पेन हवी वाटते तेव्हा शॅम्पेनच उघडावी. वर्षातून एकदाच घ्या, पण ती घ्या.

निळी_शाई

उनाड_वारा, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. त्या एका क्षणासाठी शॅम्पेन, कबूल. पण घरात बारा-पंधरा माणसं जमली असतील तेव्हा? फ्रान्सच्याच इतर प्रांतांत क्रेमाँ नावाची बुडबुड्यांची वाइन बनते: लुआरची, अल्सासची, बर्गंडीची, लिमूची. बुडबुडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून आणतात, पद्धत शॅम्पेनचीच, गाळावर किमान नऊ महिने. स्पेनची काव्हाही त्याच पद्धतीची. बर्गंडीच्या क्रेमाँमध्ये तर पिनो न्वार आणि शार्दोने ही शॅम्पेनचीच मुख्य द्राक्षं असतात. इटलीची प्रोसेक्को वेगळी, ती मोठ्या बंद टाकीत आंबवतात, म्हणून तिच्यात पावाचा वास नाही, ताजं पेअर आणि सफरचंद. वाईट नाही, पण त्याच अपेक्षेने घेऊ नका.

उनाड_वारा

पंधरा माणसांसाठी क्रेमाँ, हे पटलं. लिमूची चाखलेली नाही, आणतो.

जुनी_वही

कुणीच शेरीचं नाव काढलं नाही याचं वाईट वाटलं. दक्षिण स्पेनच्या हेरेसची. 'शेरी म्हणजे गोड औषध' असं ज्यांना वाटतं त्यांनी थंडगार फिनो किंवा मान्सानिया एकदा चाखावी. हाडासारखी कोरडी, खारट, ओला खडू आणि बदाम. पिंपात वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते, तिला 'फ्लोर' म्हणतात. ती साय हवेपासून वाइन राखते आणि तिची चव घडवते. जुन्या पिंपांतून थोडी काढायची, तिची जागा त्याहून तरुण पिंपातल्या वाइनने भरायची, अशी रांग वर्षानुवर्षं चालते. एवढी वर्षं आणि एवढे हात लागलेली वाइन साध्या टेबल वाइनच्या भावात मिळते, हे मला आजही नवल वाटतं.

एकच पथ्य. फिनो उघडली की फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. सावकाश प्यायची असेल तर मादेइरा घ्या, ती उघडल्यावर महिनोन्महिने टिकते.

चौकस

टिकण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आम्ही घरी दोघंच. बाटली एका बैठकीत संपत नाही, संपवायचीही नाही. साधी रेड किंवा व्हाइट उरली तर काय करायचं?

तळघर

बूच परत लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. रेडसुद्धा. दोन-तीन दिवस उत्तम राहते, तुरट तरुण रेड तर दुसऱ्या दिवशी सुधारते, अबोलींच्या बारोलोसारखी. मी एक रिकामी ३७५ मिलीची बाटली धुऊन ठेवली आहे. नवी बाटली उघडताच अर्धी तिच्यात काठोकाठ भरून बूच लावतो. आत हवाच राहिली नाही तर बिघडायला वाव उरत नाही.

आणि तापमान! चांगली वाइन वाया जाते ती बहुतेक इथे. व्हाइट ८ ते १२ अंशांना, रेड १४ ते १८ला. 'रेड घरच्या हवेत' हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. खोली २८ अंशांची असेल तर रेडचा नुसता स्पिरिटसारखा वास येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, त्याच बाटलीतून फळ वर येतं. फ्रान्सच्या बोजोलेची, गामे द्राक्षाची रेड तर आणखी गार करून घ्या. तिथल्या दहा गावांची नावं स्वतंत्र लेबलवर येतात, त्यातली मोर्गों किंवा फ्लरी रोजच्या आणि खास दिवसाच्या मधल्या दिवसांसाठी घरात असावीच.

अबोली_रंग

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत लिहून घेतलंय आणि दोन गोष्टी करूनही पाहिल्या.

लांगे नेब्बिओलो आणली. या वेळी दोन तास आधी उघडून रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवली आणि पिण्याआधी थोडी गार केली. बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "ती दुसऱ्या दिवसाची आहे ना ही?" त्यांच्या लेखी आता त्या वाइनचं नाव 'दुसऱ्या दिवसाची' असंच पडलंय.

दुसरं म्हणजे काबिनेट. आई सहसा एक घोट घेऊन ग्लास ठेवून देते. तिने पूर्ण ग्लास घेतला आणि बाटली फिरवून फिरवून लेबल वाचत बसली. निळी_शाई, तो पाटीच्या दगडाचा किस्सा तिला सांगितला. आता तिला तो कडा बघायला जायचंय.

७०व्यासाठी ठरलं: सुरुवातीला सगळ्यांसाठी क्रेमाँ, जेवणाबरोबर रिओहा ग्रान रेसेर्वाच्या दोन बाटल्या, रानवाट यांनी सांगितलं म्हणून दोन. शेवटी काहीतरी गोड वाइन हवी आहे. बोर्दोची प्रसिद्ध गोड सोतेर्न परवडणार नाही. तिच्या शेजारचं गाव कुठलं?

तळघर

गारोन नदी ओलांडा. समोरच्या काठावर लुपियाक आणि सँत-क्रुआ-द्यु-माँ. तेच सेमियों द्राक्ष, द्राक्षं सुकवून गोडवा दाट करणारी तीच बुरशी, आणि ती वाढवणारं नदीचं तेच धुकं. बाटली छोटी घेतलीत तरी दहा जणांना एकेक घोट पुरेल. चांगली गार करून द्या.